अक्कलखाती नेमके किती जमा करायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात आणि नोकरी करतात. साताऱ्याचे आई-बाबा आणि आत्या हरिद्वार-ऋषिकेशला निघाले आहेत, म्हणून त्यांनी एका प्रवास पोर्टलवरून पुणे–दिल्ली विमानाची तीन तिकिटं काढली. १४ तारखेच्या रात्री निघायचं होतं आणि विमान १२ वाजून ५० मिनिटांचं होतं. त्यांनी १४ तारीख निवडली आणि शनिवारी रात्री अकराच्या सुमारास क्रेडिट कार्डाने १९,४७० रुपये भरले. प्रवासाला तेव्हा महिन्याहून जास्त अवकाश होता. रविवारी संध्याकाळी बहिणीने तिकिटं पाहिली आणि विचारलं, "अगं, म्हणजे १३ला रात्रीच घर सोडायचं का?" लेखिकेने लगेच पोर्टलच्या चॅटवर लिहिलं. "आमचा प्रतिनिधी २४ तासांत संपर्क करेल" असं ठरावीक उत्तर आलं. सोमवारी दुपारी फोन आला. "तारीख बदलण्यापेक्षा रद्द करून नवीन काढा, स्वस्त पडेल," असं त्या माणसाने सांगितलं. त्यांनी तिकिटं रद्द केली. ४,७४० रुपये परत आले, तेही पोर्टलच्या वॉलेटमध्ये. नवीन तिकिटं काढताना पहिल्यांदा स्क्रीन अडकली. कार्डावरून २१,३०० गेले, पण तिकीट आलं नाही. घाबरून पुन्हा २१,३०० भरले, तेव्हा तिकिटं आली. मधल्या काळात गुगलवर सापडलेल्या एका 'कस्टमर केअर' नंबरवर त्यांनी फोन केला. पलीकडच्याने मोबाइलवर एक ॲप टाकायला सांगितलं, तेव्हा संशय येऊन त्यांनी फोन ठेवला. आता जवळजवळ दोन आठवडे झाले आहेत. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, बँकेला सांगा की हा व्यवहार मी केलाच नाही, सगळे पैसे परत येतील. नवरा म्हणतो, अक्कलखाती जमा कर आणि विषय सोड. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, आणि आत्या आपल्या तिकिटाचे पैसे द्यायला मागे लागली आहे. त्या विचारतात, "चूक माझीच आहे. मग भांडायचा मला अधिकार तरी आहे का? आणि बँकेकडे गेले तर सगळे मिळतील का?"

उत्तर

तुमच्या पत्रात 'चूक माझीच' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या ओझ्याखाली तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली आहे. ती आधी खाली उतरवू.

कार्डावर तीन नोंदी आहेत: १९,४७०, २१,३०० आणि पुन्हा २१,३००. एकूण ६२,०७०. यातले शेवटचे २१,३०० हा प्रवासाचा खरा खर्च आहे, ते जायचेच होते. म्हणजे प्रश्न उरतो ४०,७७० रुपयांचा. त्यातले मधले २१,३०० तुमच्या चुकीने गेलेलेच नाहीत. पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, यात तुमचा काय दोष? राहिले पहिले १९,४७०. त्यातले ४,७४० पोर्टलने परत द्यायचं मान्य केलंच आहे, फक्त चुकीच्या जागी ठेवलेत. तेव्हा तारीख चुकल्याची किंमत जास्तीत जास्त १४,७३० आहे. तीसुद्धा अख्खी तुमच्याच माथी बसते का, हे अजून तपासायचं आहे.

हा हिशेब कागदावर लिहून काढाच. नवऱ्याचं 'सोडून दे' आणि सहकाऱ्याचं 'सगळे परत येतील' ही दोन्ही मतं हा हिशेब न करता दिलेली आहेत. एकाच्या सल्ल्याने हक्काचे पैसे जातील, दुसऱ्याच्या सल्ल्याने खोटं बोलावं लागेल.

आता चुकीबद्दल. रात्री बारानंतरच्या गाड्या आणि विमानं यांत हा घोळ इतका होतो की त्याला वेंधळेपणा म्हणणं मला पटत नाही. आपल्या घरांत दिवस उजाडल्यावर बदलतो. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच मोजतात. साताऱ्याच्या घरात '१४च्या रात्री पाऊण वाजता' म्हटलं तर १४ तारखेचं जेवण उरकल्यानंतरची रात्र, हे लहान मूलही सांगेल. विमान कंपनीच्या घड्याळात मात्र तोवर १५ तारीख लागलेली असते. पोर्टलच्या पडद्यावर '००:५०' एवढंच दिसतं. '१३ आणि १४ यांच्यामधली रात्र' अशी एक ओळ तिथे लिहिली असती तर तुमची तिकिटं चुकली नसती. हे मी तुमचं सांत्वन करायला सांगत नाही. पोर्टलशी बोलताना अपराध्याच्या सुरात बोलू नका, म्हणून सांगते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुमच्या पत्रात ओझरता आला आहे. तुम्ही शनिवारी रात्री अकराला तिकीट काढलंत आणि रविवारी संध्याकाळी चॅटवर लिहिलंत. म्हणजे चोवीस तासांच्या आत. विमान तिकिटांच्या परताव्याबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम आहेत. त्यांत अशी तरतूद आहे की प्रवास किमान सात दिवस पुढे असेल, तर बुकिंगनंतर २४ तासांच्या आत तिकीट रद्द किंवा बदल करायला वेगळं शुल्क लागू नये. बदल केला तर नव्या विमानाच्या भाड्यातला फरक तेवढा भरायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा मांडला. तेव्हा तुमच्या बुकिंगच्या तारखेला कोणता नियम लागू होता, ते डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तुम्ही २४ तासांच्याही आत होतात, त्यामुळे जुन्या नियमानेसुद्धा तुमचं म्हणणं उभं राहतं.

पण हा मुद्दा हमखास जिंकाल असंही समजू नका. विमान कंपन्या ही सोय थेट आपल्याकडे केलेल्या बुकिंगपुरती धरू पाहतात आणि पोर्टलं स्वतःच्या अटींकडे बोट दाखवतात. शिवाय तुमचं काम सोमवारी झालं, रविवारी नाही. 'तुम्ही रद्दचं बटण २४ तासांनंतर दाबलंत' असं ते म्हणणारच. म्हणून आज चॅट उघडा आणि रविवारचं तुमचं पहिलं वाक्य नीट वाचा. 'तारीख चुकली आहे, बदलून द्या' किंवा 'रद्द करा' असं लिहिलं असेल तर ती वेळेत केलेली मागणी आहे. 'तारीख बदलता येते का हो?' एवढंच विचारलं असेल तर बाजू थोडी लंगडी पडते. तरी मागणी करा, कारण तुम्हाला थांबवून ठेवणारं उत्तर त्यांचं आहे. 'आम्ही २४ तासांत संपर्क करू' असं सांगून २४ तास त्यांनीच घालवले. त्या चॅटचा स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फक्त मजकूर असेल तर उपयोग नाही.

आता त्या १४,७३० रुपयांत काय काय आहे ते पाहू. रद्द केल्याची जी पावती तुम्ही पत्रासोबत पाठवलीत, तिच्यावर विमान कंपनीचं रद्द शुल्क माणशी ४,००० म्हणजे १२,०००, पोर्टलचं रद्द करण्याचं सेवाशुल्क १,२००, आधी घेतलेली सुविधा फी १,०५० आणि प्रवास विमा ४८० असे चार आकडे आहेत.

१२,००० चं शुल्क नियमाच्या मर्यादेत आहे. रद्द शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे आणि तुमचं मूळ भाडं माणशी ५,००० होतं. त्यामुळे ही रक्कम फक्त २४ तासांच्या मुद्द्यावरच मागता येईल. विमानतळाचे आकार आणि सरकारी कर मात्र कुठल्याही तिकिटावर, अगदी 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावर किंवा विमान चुकलं तरी परत मिळायला हवेत. तुमच्या ४,७४० मध्ये ते आले आहेत. इतर वाचकांनी मात्र हे लक्षात ठेवावं. विमान चुकलं म्हणून लोक तिकिटाकडे बघतही नाहीत, आणि विमानतळावर पाऊलही न ठेवता भरलेले ते आकार तसेच राहून जातात.

सुविधा फी बहुधा परत मिळणार नाही. पैसे भरण्याआधी ती पडद्यावर स्पष्ट दाखवली असेल, तर तिच्यामागे वेळ घालवू नका. विम्याचं वेगळं आहे. तुम्ही लिहिता की विमा घेतल्याचं तुम्हाला पावतीवरच कळलं. म्हणजे पडद्यावर विम्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली असणार. ग्राहकाला न विचारता अशा गोष्टी बिलात घुसडणं हा 'बास्केट स्नीकिंग' नावाचा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांविरुद्ध, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या तेरा प्रकारांत तो आहे. ४८० रुपये ही रक्कम लहान आहे. पण तक्रारीत हा मुद्दा नाव घेऊन लिहिला की समोरचा माणूस पत्र जरा सावधपणे वाचतो.

आणि ते वॉलेट. परताव्याचे पैसे पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचे की नाही, हे ठरवायचा अधिकार प्रवाशाचा आहे, तो आपोआप लागू करायचा शिरस्ता नाही, असं डीजीसीएचे नियम विमान कंपन्यांना स्पष्ट सांगतात. पोर्टलालाही हेच सांगा. फक्त एक गोष्ट आठवून पाहा. रद्द करताना 'लगेच परतावा, वॉलेटमध्ये' अशा ओळीवर तुम्ही बोट ठेवलंत का? तो पर्याय बऱ्याचदा वर आणि ठळक असतो. ठेवलं असेल तर विनंती करावी लागेल. नसेल तर सरळ मागणी करा. तोवर वॉलेटमधल्या रुपयालाही हात लावू नका. त्यातून टॅक्सी जरी बुक केलीत तरी 'ग्राहकाने परतावा स्वीकारला' असं म्हणायला त्यांना जागा मिळते.

आता मधल्या २१,३०० कडे येऊ. हे सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत तातडीचे आहेत.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक फसलेल्या व्यवहारांबद्दल आहे. ऑनलाइन खरेदीत कार्डावरून पैसे वळते झाले पण विक्रेत्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमची मुदत उलटून गेली आहे. पण बँकेत जाण्याआधी पोर्टलवर 'माझी बुकिंग्ज'मध्ये बघा. त्या वेळेची एखादी अर्धवट नोंद, 'पेमेंट मिळालं, बुकिंग प्रक्रियेत' अशा शब्दांत दिसते का? दिसत असेल तर पैसे पोर्टलपर्यंत पोहोचले आहेत. मग हा फसलेला व्यवहार राहत नाही. पैसे घेऊन सेवा दिली नाही, असं ते प्रकरण होतं आणि परतावा पोर्टलने द्यायचा. काहीच नोंद नसेल तर बँकेकडून सुरुवात करा. पोर्टल म्हणालं की 'आम्ही परतावा पाठवला आहे', तर तेवढ्यावर समाधान मानू नका, एआरएन मागा. कार्डावरच्या परताव्याला २३ आकड्यांचा हा क्रमांक असतो आणि तो दिला की तुमच्या बँकेला पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. वाचकांपैकी कुणी यूपीआयने पैसे भरले असतील तर १२ आकड्यांचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

इथे एक धोका आहे. तुमच्या कार्डावर २१,३०० च्या दोन नोंदी आहेत, एकाच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने. एक मेलेली, एक जिवंत. बँकेच्या फॉर्मवर घाईत चुकीची निवडलीत तर आई-बाबांच्या खऱ्या तिकिटांच्या पैशांवरच वाद उभा राहील, आणि वाद उभा राहिला की पोर्टल ते बुकिंग रद्द करू शकतं. मग हे तिघं पुणे विमानतळावर जातील आणि तिथे तिकीटच नसेल. म्हणून आधी दोन्ही एसएमएस शेजारी ठेवा, वेळ जुळवा आणि ज्या तिकिटावर पीएनआर आला आहे त्याचा व्यवहार क्रमांक लाल पेनाने खोडून ठेवा. त्याला हात लावायचा नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल. बँकेच्या वादाच्या फॉर्मवर कारणांची यादी असते. व्यवहार मी केलेला नाही, रक्कम चुकीची आहे, दोनदा पैसे घेतले, सेवा मिळाली नाही, कबूल केलेला परतावा आला नाही, अशी ती कारणं असतात. यातलं पहिलं कारण फसवणुकीसाठी आहे. तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही स्वतः टाकलात आणि तिकिटांवर तुमच्या आई-वडिलांची नावं आहेत. 'मी केलाच नाही' हे बँकेला पहिल्याच तपासणीत कळेल. कार्ड बंद होईल, तक्रार फेटाळली जाईल, आणि त्याच तक्रारीला जोडून तुमच्या खऱ्या २१,३०० च्या दाव्याकडेही संशयाने पाहिलं जाईल. हे नुकसान झालं. पण नुकसान झालं नसतं तरी मी तुम्हाला तसं लिहा असं सांगितलं नसतं. ज्या गोष्टीत तुम्ही खरोखर बरोबर आहात, तिच्यासाठी खोट्याचा आधार कशाला घ्यायचा?

चार्जबॅक म्हणजे बँकेने तुमच्या बाजूने केलेला निवाडा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तुमची बँक कार्ड कंपनीच्या नियमांनुसार विक्रेत्याच्या बँकेला विचारते की हे पैसे कशाबद्दल घेतले? विक्रेता कागद पाठवतो. तुम्ही १४ तारीख निवडली, अटी मान्य केल्या, तिकीट निघालं, एवढे कागद पोर्टलकडे आहेत. म्हणून 'तारीख चुकली' एवढ्या कारणावर १९,४७० चा वाद टाकलात तर बहुतेक हरालच. पण पोर्टलने 'एवढी रक्कम परत करू' असं लेखी दिलं आणि ती आली नाही, तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो. आधी पोर्टलकडून लेखी उत्तर, मग बँक, हा क्रम म्हणूनच मोडू नका. मधले २१,३०० मात्र या क्रमाला अपवाद आहेत. त्यांची तक्रार उद्याच टाका, कारण: 'दोनदा पैसे घेतले, सेवा एकदाच मिळाली'. सोबत दोन्ही एसएमएस आणि मिळालेल्या एकाच बुकिंगची पावती जोडा. चार्जबॅकची मुदत कारणानुसार साधारण १२० दिवसांपर्यंत असते, पण बँका त्याच्या बऱ्याच आधी तक्रार मागतात. वाट पाहण्यात काही फायदा नाही.

वाद चालू असताना कार्डाचं बिल थांबवू नका. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची तक्रार त्या प्रकारात बसत नाही. बिल अर्धवट भरलंत तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाणारं व्याज लागू होईल आणि नव्या खरेदीवरही व्याजमुक्त दिवस मिळणार नाहीत. पैसे काढणं जड जात असेल तर बँकेला फोन करून 'वादग्रस्त रक्कम तात्पुरती जमा कराल का' असं विचारा. काही बँका करतात.

पोर्टलला पाठवायच्या मेलचा मजकूर देते. आकडे आणि वेळा तुमच्या पावतीवरून भरा. गेल्या दोन आठवड्यांत किती मनस्ताप झाला, ते यात लिहू नका. तो खरा आहे, पण समोरच्याला नकार द्यायला सोपा जातो.

"बुकिंग क्रमांक अमुक. हे बुकिंग मी अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता केलं. दुसऱ्या दिवशी सायंकाळी इतक्या वाजता, म्हणजे २४ तासांच्या आत, तारीख चुकल्याचं तुमच्या चॅटवर कळवून बदल मागितला. तेव्हा प्रवासाला महिन्याहून अधिक अवधी होता. तुमचं उत्तर २४ तास उलटल्यावर आलं. डीजीसीएच्या परतावा नियमांनुसार रद्द शुल्क १२,००० रुपये आणि तुमचं सेवाशुल्क १,२०० रुपये परत करावं. ४,७४० रुपये माझ्या संमतीशिवाय वॉलेटमध्ये जमा केले आहेत, ते मूळ कार्डावर वळवावेत. विमा मी निवडलेला नव्हता, त्याचे ४८० रुपये परत करावेत. चॅटचे स्क्रीनशॉट आणि रद्द केल्याची पावती जोडली आहे. सात दिवसांत लेखी उत्तर आणि परताव्याचा एआरएन कळवावा."

हाच मेल विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यालाही, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही, पाठवा. त्यांचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. पोर्टल म्हणतं, 'विमान कंपनीने शुल्क कापलं', आणि कंपनी म्हणते, 'तुम्ही पोर्टलला विचारा'. या टोलवाटोलवीत बहुतेक लोक थकतात. डीजीसीएच्या नियमांत याचं उत्तर आहे. तिकीट एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, कारण एजंट तिचा नेमलेला प्रतिनिधी असतो. दोघांना एकाच मेलमध्ये ठेवलं की चेंडू फेकायला जागा उरत नाही.

सात दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर विमान कंपनीविरुद्ध आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, प्रवास पोर्टलविरुद्ध तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीला उत्तर द्यायला लावते, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. बँकेने २१,३०० च्या तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं. लोकपाल बँकेविरुद्धच्या तक्रारी ऐकतो, प्रवास पोर्टलविरुद्धच्या नाही. तिथे तारखेच्या चुकीची गोष्ट घेऊन जाऊ नका.

आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १२,००० रुपयांसाठी तिथवर जायचं का? माझं मत विचाराल तर २१,३०० अडकले तर जरूर जा, ते सोडायचे पैसे नाहीत. फक्त १२,००० चा प्रश्न राहिला, आणि एअरसेवा आणि १९१५ दोन्हीकडून नकार आला, तर तारखांना सुट्ट्या टाकायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा. नसेल तर तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही. तेव्हा अक्कलखाती जमा केलेली रक्कम निदान मोजून मापून झालेली असेल.

तो गुगलवरचा नंबर. फोन ठेवलात हे फार चांगलं केलंत. अडचणीतला माणूस घाईत नंबर शोधतो, हे ओळखूनच असे नंबर पेरलेले असतात. तुम्ही ॲप उतरवून घेतलं नव्हतं, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर सांगितला नव्हता, असं तुम्ही लिहिता. तरी महिनाभर कार्डाच्या नोंदींवर लक्ष ठेवा. ज्यांनी काही सांगितलं असेल त्यांनी विचार करत न बसता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, फोन करावा आणि कार्ड बंद करावं. पोर्टलचा नंबर घ्यायचा तो पोर्टलच्या ॲपमधून किंवा तिकिटाच्या मेलमधूनच.

आता घरचं. बाबांना सांगा, आणि या आठवड्यातच सांगा. तुम्ही लिहिता की 'तिकीट खिडकीवरच काढावं' असं ते नेहमी म्हणतात आणि हे कळलं की तुमच्यावर भरवसा ठेवणार नाहीत. असेल तसं. पण जुन्या तिकिटांची पीडीएफ बाबांच्या व्हॉट्सॲपवर आहे आणि त्यांनी ती छापून प्रवासाच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे, हे तुमच्याच पत्रात आहे. तिघांपैकी एकाचा मोबाइल नंबर बुकिंगला दिला असेल, तर रद्द झाल्याचा संदेशही त्यांना आला असेल. आपलं जायचंच रद्द झालं, असं वाटून ते गप्प बसले असतील, हेही शक्य आहे. ते प्रिंटआउट बदलायलाच हवं. बदलताना कारण सांगावं लागेल. ते तुम्ही सांगितलेलं बरं, बहिणीकडून कळण्यापेक्षा. आणि सांगताना नवी वेळही नीट समजावा: १४ तारखेला रात्री घरी जेवून निघायचं, नऊच्या आत साताऱ्याहून गाडी निघाली पाहिजे, तिकिटावर १५ लिहिलेलं असेल.

आत्याकडून ७,१०० रुपये घ्या, नव्या तिकिटाच्या एक तृतीयांश. ती द्यायला निघाली आहे, तर नाही म्हणून तिला अवघडवू नका. पहिल्या तिकिटांचा हिशेब मात्र तिच्यावर टाकू नका. नवऱ्याला एवढंच सांगा की तुम्ही विषय सोडत नाही, लांबवतही नाही. आज मेल, उद्या बँक, आठ दिवसांनी एअरसेवा, एवढंच करणार आहात. त्यांना मदत करायची असेल तर त्या दोन एसएमएसच्या वेळा तुमच्यासोबत एकदा तपासून बघायला सांगा. दुसरी नजर तिथे खरंच उपयोगी आहे.

इतर वाचकांसाठी थोडं. थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर काढलेल्या तिकिटात नावाचं स्पेलिंग चुकलं आणि २४ तासांच्या आत कळवलं, तर दुरुस्तीला शुल्क लागू नये असा नियम आहे. तिकीट आलं की लगेच आधार कार्ड शेजारी धरून नाव वाचा. रेल्वेत अर्ध्या रात्रीचा घोळ जास्त होतो, कारण गाडी मुंबईहून १४ला रात्री सुटते आणि भुसावळला येईपर्यंत १५ उजाडते. तुम्ही चढता त्या स्टेशनावर गाडी ज्या तारखेला येते, तीच तुमच्या तिकिटाची तारीख. कन्फर्म रेल्वे तिकिटावर ऐनवेळी घरचं दुसरं माणूस जाणार असेल, तर आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी किंवा पती-पत्नी यांच्या नावावर ते करून मिळतं. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो. हॉटेलची तारीख चुकली तर पोर्टलशी भांडत बसण्याआधी थेट हॉटेलला फोन लावा. खोली पुन्हा विकता येईल असं त्यांना वाटलं तर मॅनेजर स्वतःच पोर्टलला 'शुल्क माफ' असं कळवतो. तो माणूस फोनवर 'हो' म्हणाला, तरी त्याच्याकडून तेवढी एक ओळ मेलवर मागून घ्या.